खांद्याचा बंध : मुसळापासून चिकटपट्टीपर्यंत

खांदा दुखूं लागेपर्यंत त्याची आठवणहि कोणास होत नाहीं. मग एके दिवशीं सदऱ्याच्या बाहींत हात घालतांना कळ येते. वेणी घालणारा हात डोक्यामागें जाईनासा होतो. फडताळांतील वरच्या फळीवरचा डबा काढण्यास दुसऱ्यास हांक मारावी लागते. आणि रात्रीं त्या कुशीवर वळतांच झोप उडते. घरांतील वडील माणसें अशा वेळीं एकच उपाय सुचवितात : बांधून ठेव. मोडलेलें, लचकलेलें, सुजलेलें किंवा नुसतेंच दुखणारें, जें कांहीं असेल तें बांधावें, ही बुद्धि मनुष्यास वैद्यक शिकण्यापूर्वींच झाली असावी. हल्लीं हेंच बांधणें निळ्या, काळ्या, गुलाबी ताणपट्ट्यांच्या रूपानें खेळाडूंच्या खांद्यांवर दिसतें, आणि फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत तें उपचार म्हणून दिलें जातें. या पट्टीचा पूर्वेतिहास बराच लांब आहे, व तो पाहूं लागलें कीं एक प्रश्न वारंवार आडवा येतो. बंधानें खांदा बरा होतो, कीं खांदा आपल्या गतीनें बरा होत असतां बंध नुसता त्याच्या सोबतीला असतो ?

प्रश्न नीट कळण्यासाठीं सांध्याची रचना थोडी ध्यानांत घ्यावी लागते. मांडीच्या हाडाचें डोकें कमरेच्या हाडांतील खोल वाटींत बसलेलें असतें. उखळांत मुसळ असावें तसें. खांद्याची गोष्ट निराळी. दंडाच्या हाडाचा वाटोळा गोळा ज्या खळग्यावर टेकतो, तो इतका उथळ व लहान आहे कीं, बशीच्या कांठाशीं लिंबू टेकवून ठेवावें तसा तो प्रकार वाटतो. हाडांनीं त्याला धरलेलेंच नाहीं म्हटलें तरी चालेल. चार लहान स्नायु व त्यांच्या कंडरा त्याला चहूंकडून वेढून जाग्यावर ठेवतात. हात पाठीमागें, डोक्यावर, छातीपलीकडे हवा तसा फिरतो तो या मोकळीकीमुळें. आणि मोठ्या सांध्यांपैकीं सर्वांत अधिक वेळां निखळतो तोहि हाच, व याच कारणानें. अर्थात् खांदा बांधणें म्हणजे जो सांधा मोकळेपणासाठींच घडविलेला आहे, त्याला जखडणें होय. फार बांधला तर आखडतो, न बांधला तर ठिकाणावर राहत नाहीं. हा पेंच वैद्यांना पहिल्यापासून सोडवावा लागला.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेनें या विषयाचा केलेला विचार वाचून आजचा डॉक्टरहि क्षणभर थबकेल. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायांत बंधांचे चौदा प्रकार दिले आहेत, आणि त्यांचीं नांवें सगळीं घरांतलीं व शेतांतलीं आहेत : कोश, दाम, खट्वा, वितान, गोफणा वगैरे. हनुवटी, नाक, ओंठ व खांदा यांस गोफणा योग्य, असें तेथें सांगितलें आहे. पांखरें हाकलण्याची गोफण ज्यानें पाहिली आहे, त्याला तो बंध कसा दिसत असेल हें निराळें सांगावयास नको. बांधण्यासाठीं रेशीम, कापूस, लोंकर, ताग, चामडें अशी मोठी यादी आहे. बंध किती घट्ट असावा याच्या गाढ, सम व शिथिल अशा तीन पायऱ्या केल्या आहेत, आणि कोणत्या अवयवास कोणती, हेंहि सांगितलें आहे. कांखेस गाढ, हातपायांस सम, डोळे व सांधे यांस शिथिल. कांख व खांद्याचा सांधा हे एकमेकांस लागून असतां त्यांस दोन निरनिराळीं मापें कां दिलीं, हें ज्यानें स्वतः खांदा बांधून पाहिला आहे त्यास लवकर कळेल. कांखेंत कापड सुटतें व घसरतें, म्हणून तेथें तें आवळावें लागतें. सांध्यावर आवळलें तर तो सुजतो. हें ज्ञान नुसत्या तर्कानें येणारें नव्हे. शिष्यानें रोग्यास हात लावण्यापूर्वीं कापडाच्या वगैरे केलेल्या मनुष्याकृतीवर बंध बांधण्याचा सराव करावा, असा दंडकहि त्याच ग्रंथांत आहे.

खांदा निखळला असतां काय करावें, हें चिकित्सास्थानांतील भग्नाच्या अध्यायांत आलें आहे. कांखेखालीं मुसळ घालून ती वर उचलावी, सांधा जाग्यावर बसला म्हणजे स्वस्तिक नांवाच्या बंधानें तो बांधावा. स्वस्तिक म्हणजे पट्टी सांध्यावरून तिरपी नेऊन परत तिरपी आणल्यानें होणारी फुली. खांद्यावर टिकणारी कापडाची पट्टी दुसऱ्या रीतीनें बांधतांच येत नाहीं. आजहि इस्पितळांतून ती बहुधा याच वळणानें बांधली जाते. हा बंध किती दिवसांनीं सोडून पुन्हा बांधावा, याचाहि हिशोब ऋतूंवर बसविला आहे : थंडीच्या दिवसांत सातव्या दिवशीं, समशीतोष्ण काळांत पांचव्या, आणि उन्हाळ्यांत तिसऱ्या. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर राहत नाहीं, आणि फार आवळला तर सूज, ठणका व पाक होतो, म्हणून जाणत्यानें मधला मार्ग धरावा, असा त्याचा अभिप्राय आहे.

परंतु या सगळ्याहून मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. निखळलेला खांदा व आखडलेला खांदा हे दोन वेगळे रोग आहेत, हें आपल्या वैद्यांनीं स्पष्ट ओळखलें होतें. वायु खांद्याच्या ठिकाणीं राहून तेथील बंध शुष्क करतो व शिरा आंखडवितो, अशा शब्दांनीं सुश्रुतानें अंसशोष व अवबाहुक यांचें वर्णन केलें आहे. या अवबाहुकावर वाग्भट नस्य व जेवणानंतर घ्यावयाचा स्नेह सांगतो. तेथें तो पट्टीचें नांव काढीत नाहीं. सांध्यांत शिरलेल्या वातावर सुश्रुत बंधन सांगतो खरा, पण तें स्नेहन, शेक, मर्दन यांच्या रांगेंत, अनेकांतला एक उपाय म्हणून. निखळलेल्या खांद्याचा मुख्य उपचार बंध. दुखणाऱ्या व आखडलेल्या खांद्याचा तो फार तर साहाय्यक. हा भेद पुढच्या काळांत पुष्कळदां विसरला गेला.

ग्रीक लोकांचा थोर वैद्य हिपॉक्रेटीझ याच्या नांवावर असलेला सांध्यांवरील ग्रंथ खांद्यापासूनच सुरू होतो. इसवी सनापूर्वीं चारपांचशें वर्षांच्या सुमाराचा हा काळ. निखळलेला खांदा बसविण्याच्या ज्या अनेक रीती त्यांत आहेत, त्यांत कांखेखालीं मुसळ देण्याचीहि एक आहे. मात्र मुसळाला मऊ कापड गुंडाळावें असें ग्रीक वैद्य बजावतो. दोन दूरच्या देशांत एकाच कामासाठीं एकच मुसळ कोठीघरांतून बाहेर यावें, ही मौजेची गोष्ट आहे. कोणी कोणाचें घेतलें या वादांत शिरण्याचें मला प्रयोजन दिसत नाहीं. धान्य कांडणाऱ्या दोन समाजांना कांखेंत मावेल असें गुळगुळीत लांकूड कोठें सांपडेल, याचें उत्तर एकच आहे. सांधा बसल्यावर कांखेंत मऊ लोंकरीचा गोळा ठेवून, दुसऱ्या खांद्यावरून पट्टी फिरवून हात अंगाशीं बांधावा, आणि नंतर हलक्या हातानें चोळावें, असें तो सांगतो. सैल झालेला सांधा चोळण्यानें घट्ट होतो व आखडलेला सैल होतो, हें त्याचें मत प्रसिद्धच आहे.

याच ग्रंथांत पुढें मोडलेल्या नाकासंबंधानें एक बोचरा परिच्छेद आहे. कांहीं वैद्यांना देखण्या पट्ट्या बांधण्याची भारी हौस असते. एकदोन दिवस वैद्यहि आपल्या कसबावर खूष असतो व रोगीहि. मग रोग्याला त्या ओझ्याचा कंटाळा येतो. पण वैद्याचें काम झालेलें असतें, कारण आपल्याला नानातऱ्हेचे बंध येतात हें त्यानें लोकांस दाखविलेलें असतें. इतक्या जुन्या काळीं केलेला हा उपहास आजच्या एखाद्या व्यायामशाळेंत मोठ्यानें वाचून दाखविला, तर दोघातिघांचे हात तरी सहज आपल्या खांद्यावरील रंगीत पट्टीकडे जातील.

आपल्या प्रांतांत तालमींतील वस्ताद व खेडोपाडींचे हाडवैद्य हेंच काम पिढ्यान् पिढ्या करीत आले. आंबेहळद, तुरटी, रक्तबोळ यांचा ऊन लेप, त्यावर कापूस व वरून जुन्या धोतराची पट्टी, हा मुक्या मारावरचा उपचार ज्यानें पाहिला नाहीं असा मराठी माणूस कालपर्यंत विरळा होता. लेप वाळून ताठ झाला कीं तोच सांध्याला धरून ठेवी, आणि कापड केवळ त्याला झांकण्यापुरतें उरे. कांहीं ठिकाणीं हाड बसविण्याची कला खरोखर वाखाणण्यासारखी होती; कांहीं ठिकाणीं आवळलेल्या पट्टीखालीं हात काळानिळा पडून माणूस जन्माचा अधू झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीच्या कौतुकांत दुसरी झांकून ठेवणें योग्य नव्हे.

युरोपांत अठराव्या शतकांत पॅरिसच्या देसोल नांवाच्या शस्त्रवैद्यानें कांखेंत पाचरीसारखी गादी घालून हात छातीशीं बांधण्याचा जो बंध चालू केला, तो त्याच्या नांवानें अजून ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकांत वेल्पोनें आणखी एक दिला. परंतु हे सारे बंध कापडाचे. कापडाला शरीराभोंवतीं वेढा घातल्यावांचून पकड येत नाहीं, आणि खांद्याभोंवतीं वेढा घालावयाचा म्हणजे छाती, पाठ व दुसरी कांख यांनाहि त्यांत गोंवावें लागतें. एका खांद्यासाठीं अर्धें अंग बांधलें जाई. खरी क्रांति झाली ती पट्टी वेढण्याऐवजीं चिकटूं लागली तेव्हां.

चिकटणारे लेप नवे नव्हते. शिशाची राख तेलांत शिजवून केलेलें मलम रोमन काळापासून माहीत होतें. पण त्याच्या पट्टीला ताण सोसवत नसे. १८४५ सालीं अमेरिकेंत रबर मिसळलेल्या चिकट पट्टीचें पेटंट घेतलें गेलें, आणि पुढें १८७१ मध्यें न्यूयॉर्कचा अस्थिवैद्य लुइस सेअर यानें गळपट्टीचें हाड मोडलें असतां लावण्याची एक साधी युक्ति प्रसिद्ध केली. तीनचार इंच रुंदीच्या दोन चिकटपट्ट्या. एक दंडाभोंवतीं फांसा देऊन पाठीवरून छातीपर्यंत नेलेली, ती दंडाला मागें ओढते. दुसरी चांगल्या खांद्यावरून पाठीवर उतरून दुखऱ्या हाताच्या कोपराखालून परत त्याच खांद्यावर आणलेली, ती हाताला वर तोलते. पहिली पट्टी टेकू होते, दुसरी झोळी. सुश्रुताच्या गोफणेचा हा चिकट अवतार म्हटला तरी चालेल. १८९५ मध्यें न्यूयॉर्कमध्येंच व्हर्जिल गिबनी या वैद्यानें मुरगळलेल्या घोट्यावर पट्ट्यांची विणकाम केल्यासारखी मांडणी सांगितली, आणि तिच्या योगानें रोग्यास कुबड्या न घेतां चालतां येतें, असा तिचा पुरस्कार केला. येथें बंधाच्या हेतूंत बदल झाला हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पूर्वीं बांधावयाचें तें अवयव हलूं नये म्हणून; आतां बांधूं लागले तें बांधलेला अवयव घेऊन कामावर जातां यावें म्हणून.

त्याच काळीं हॅम्बुर्ग येथील पॉल बायर्सडॉर्फ नांवाच्या औषधविक्या रसायनज्ञानें २८ मार्च १८८२ रोजीं लेप चढविलेल्या पट्ट्यांचें पेटंट मिळविलें. रबराच्या चिकट थरानें कातडी लाल होई, खाज सुटे, फोड येत. त्या चिकटांत जस्ताची पांढरी भुकटी मिसळली असतां कातडीला तो सोसतो असें आढळून आलें, आणि १९०१ मध्यें त्याच्या पेढीनें ल्युकोप्लास्ट बाजारांत आणलें. ग्रीक भाषेंत ल्युकोस म्हणजे पांढरा. ज्या पांढऱ्या पट्टीचा तुकडा आपल्याकडे औषधांच्या पेटीपासून क्रिकेटच्या बॅटीपर्यंत सर्वत्र चिकटलेला आढळे, तिचें घराणें हें असें आहे.

आतां ज्या गृहस्थाकडे वळावयाचें, त्याचें नांव पट्ट्यांच्या इतिहासांत सहसा कोणी घेत नाहीं. बोस्टनचा अर्नेस्ट कॉडमन हा शस्त्रवैद्य १८६९ मध्यें जन्मला. खांद्याच्या दुखण्यावर त्याच्याइतका विचार त्याच्या पूर्वीं कोणी केला नव्हता. फ्रान्समधील द्युप्ले यानें १८७२ मध्यें सांध्याभोंवतालच्या दाहाचें वर्णन केलें होतें. परंतु दुखणाऱ्या पुष्कळ खांद्यांत वरची कंडरा झिजून तुटलेली असते, हें कॉडमननें ठसवून दाखविलें, आणि अशा कंडरेच्या शिवणीची हकीकत १९११ मध्यें छापली. १९३४ सालीं त्यानें खांद्यावर मोठा ग्रंथ स्वतःच्या खर्चानें प्रसिद्ध केला. आखडलेल्या खांद्याला गोठलेला खांदा हें आज जगभर रूढ असलेलें नांव त्याचेंच. हा रोग व्याख्या करण्यास, उपचार करण्यास व समजावून देण्यास, तिन्ही बाबतींत कठीण आहे, अशी त्याची प्रांजळ कबुली होती.

मात्र कॉडमनचें दुसरें वेड वैद्यकाला अधिक महाग पडणारें होतें. प्रत्येक रोग्याची वर्षभरानें पुन्हा चौकशी करावी, आपल्या उपचारानें अखेर काय झालें तें लिहून ठेवावें, व चुकलें असेल तर कां चुकलें तेंहि लिहावें, असा त्याचा आग्रह होता. इस्पितळांत वडिलकीप्रमाणें बढती मिळत असे. कॉडमन म्हणे, ती परिणामांप्रमाणें मिळावी. १९१५ सालीं वैद्यांच्या एका सभेंत त्यानें एक व्यंगचित्र उलगडून दाखविलें : श्रीमंत वस्तीरूपी शहामृग वाळूंत डोकें खुपसून सोन्याचीं अंडीं मागें लाथाडीत आहे, आणि डॉक्टर लोक तीं गोळा करीत आहेत. सभेंत गहजब झाला. कॉडमनला अध्यक्षपद सोडावें लागलें, हार्वर्डमधील शिक्षकाची जागाहि गेली. स्वतः त्यानें लहानसें इस्पितळ काढलें होतें. तेथून १९११ ते १९१६ या काळांत घरीं गेलेल्या ३३७ रोग्यांची यादी छापून त्यानें आपल्याकडून झालेल्या १२३ चुका उघड सांगितल्या. असें पुस्तक कोणत्या वैद्यानें आपण होऊन छापलें असेल ? १९४० मध्यें तो वारला, आणि त्याच्या थडग्यावर नांवाचा दगड बसला तो २०१४ मध्यें.

कॉडमनची कसोटी पट्टीला लागण्यास बराच काळ जावा लागला. दरम्यान पट्टीचेंच रूप पालटलें. १९७० नंतरच्या दशकांत जपानमध्यें केंझो कासे यांनीं सुताची, पाण्यांत न सुटणारी व लांबीच्या जवळजवळ निम्म्यानें ताणली जाणारी पट्टी तयार केली. पांढरी पट्टी सांध्याला अडवी. ही त्याला हलूं देते. हिच्यांत औषध मुळींच नाहीं. हिच्या ताणानें कातडी किंचित् वर उचलली जाते, खालीं जागा होते, रक्ताचा व लसिकेचा प्रवाह सुधारतो, असें तिच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें. १९८० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियांतील जेनी मॅकॉनल यांनीं गुडघ्याच्या वाटीसाठीं ताठ पट्टीची रीत बसविली, व तसल्याच पट्ट्या पुढें खांद्यासाठींहि वापरण्यांत आल्या. २००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिक सामन्यांत वाळूवरील व्हॉलीबॉल खेळणाऱ्या केरी वॉल्श हिच्या उजव्या खांद्यावर कोळ्याच्या पायांसारख्या काळ्या पट्ट्या सगळ्या जगानें पाहिल्या. तिनें सुवर्णपदक जिंकलें. पट्टीचा खप कां वाढला हें सांगावयास नको. पट्टी लावणारे हरलेले खेळाडूहि पुष्कळ असतील, पण त्यांचीं छायाचित्रें कोण छापतो !

त्याच २००८ सालीं अमेरिकेंत झालेल्या एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली. खांदा दुखणाऱ्या ४२ विद्यार्थ्यांचे दोन गट करून एकाला रीतसर ताणून पट्टी लावली, दुसऱ्याला तीच पट्टी ताणाशिवाय, नुसती दिखाऊ. खरी पट्टी लावतांच त्या गटाचा हात न दुखतां बाजूस सुमारें सतरा अंश अधिक वर गेला. पुढच्या दिवसांत मात्र दोन्ही गटांत फरक उरला नाहीं. दोघेहि सारखेच सुधारले. कॉक्रेन संस्थेनें २०२१ मध्यें खांद्याच्या कंडरांच्या दुखण्यावरील अशा २३ प्रयोगांचा, म्हणजे १०५४ रोग्यांचा, एकत्र आढावा घेतला. दिखाऊ पट्टीपेक्षां किंवा इतर साध्या उपचारांपेक्षां ताणपट्टीनें अधिक गुण येतो असें खात्रीनें म्हणण्यास पुरेसा आधार त्यांत मिळाला नाहीं. जो आधार आहे तोहि कमकुवत.

मग ते सतरा अंश खोटे काय ? तसें मला वाटत नाहीं. दुखऱ्या जागीं कोणी हात ठेवला कीं ठणका कमी भासतो, हा सर्वांचा अनुभव आहे. १९६५ मध्यें मेल्झॅक व वॉल यांनीं मांडलेल्या सिद्धांताप्रमाणें स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूंतच वेदनेची वाट कांहीं अंशीं अडवितात. पट्टीचें काम याहून फार निराळें असेल असें दिसत नाहीं. कातडीवर सतत लागणारा तो ताण खांद्याची आठवण ठेवतो, वांकडी बसण्याची संवय मोडतो, व भ्यालेल्या माणसाला हात उचलण्याचा धीर देतो. भयानें न हलविलेला खांदा आखडतो, हें पाहतां हा धीर अगदींच कवडीमोल नव्हे. पण त्या धीराची किंमत एका पट्टीइतकीच आकारली पाहिजे. पंधरा दिवस सलग पट्ट्या लावून घेण्याचें बिल हातीं पडलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला, त्यापैकीं किती पैसे तुटपुंज्या पुराव्यावर गेले, हें समजण्याचा हक्क आहे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत फिजिओथेरपीचें शिक्षण सुरू झालें, व आतां महाराष्ट्रांतील बहुतेक मोठ्या गांवांत असे उपचारक आहेत. त्यांतील समंजस मंडळी पट्टी लावतात ती तीनचार दिवसांपुरती, कातडीला खाज सुटल्यास लगेच काढण्यास सांगून, आणि त्या अवधींत व्यायाम करून घेतात. टेबलावर एक हात टेकून पुढें ओणवें व्हावें, दुखरा हात सैल सोडावा, व तो घड्याळाच्या लंबकाप्रमाणें हळूहळू झुलवावा, हा त्यांतला पहिला. तो कॉडमनच्याच नांवानें शिकविला जातो. दुसऱ्यांत भिंतीशीं उभें राहून बोटें एकेक वीत वर चढवावयाचीं, व पोंचलेल्या जागीं पेन्सिलीनें खूण करावयाची. पट्टीच्या कडा चौथ्या दिवशीं आपोआप उलूं लागतात. भिंतीवरच्या खुणा मात्र पुढच्या महिन्यांतहि मोजतां येतात.